सातवी घंटी

चादरी जळाल्या त्याला नऊ दिवस झाले होते, तरी जिन्यात अजून करपट वास येत होता. रविवार असल्यामुळे लॉन्ड्रीचं शटर खाली होतं. आत मात्र मोठा ड्रायर फिरत होता. जळालेल्या चादरींच्या बदल्यात हॉटेलवाल्यांसाठी नव्या आणल्या होत्या. त्या एकदा धुऊन, वाळवून सोमवारी सकाळी पोचवायच्या होत्या. गुंडीने ड्रायरची तबकडी पाऊण तासावर लावली, हात पुसले आणि ती वरच्या खोलीत गेली.

तिला गुंडी हे नाव सासऱ्यांनी ठेवलं होतं. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने लॉन्ड्रीत आलेल्या अकरा शर्टांना तुटलेली बटणं लावून दिली, कुणी न सांगता. सासरे म्हणाले, "ही गुंडी आपल्या घराला बरोबर बसली." पुढे तिचं खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं.

वर तिची नणंद, म्हणजे ताई, खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसली होती. गळ्यात नेहमीसारखी काळी दोरी, तिला बॉयलरच्या खोलीची किल्ली. गुंडीचा नवरा टेबलापाशी उभा होता. साठी उलटली तरी घरात त्याला बाळच म्हणत. दाराजवळच्या स्टुलावर ताईचा नवरा बसला होता, एक हात पोटावर ठेवून. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होऊनही नऊच दिवस झाले होते. जन्मभर त्याने विजेची कामं केली. त्यामुळे बायकोपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्याला वायरमनच म्हणत.

"ताई, किल्ली दे," बाळ म्हणाला.

"काय?"

"किल्ली. बॉयलरची."

"तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. हल्ली सगळेच पुटपुटतात. परवा बातम्या देणारी बाईसुद्धा पुटपुटत होती."

"बातम्या देणारी बाई पुटपुटत नव्हती, ताई. तुला ऐकू येत नाही."

हे मात्र तिला ऐकू आलं. तिने भावाकडे असं पाहिलं, की बाळने उगाच टेबलावरची कात्री उचलून दुसऱ्या जागी ठेवली.

"बझर पंचवीस मिनिटं ओरडत होता," तो कात्रीकडे बघत म्हणाला. "पंचवीस! आम्ही दोघं बाहेर गेलो होतो; समोरचा चष्मेवाला रस्ता ओलांडून आला, तेव्हा तुला कळलं. तू ड्रायरपासून सहा पावलांवर इस्त्री करत होतीस."

"कामात होते."

"उद्या बॉयलरची वाफ शिट्टी मारेल तेव्हाही कामातच असशील. चादरी नव्या आणता येतात. बहीण कुठून आणू?"

गुंडीला ठाऊक होतं, नवरा हे वाक्य चार दिवस घोकत होता. आंघोळीच्या वेळी, दाढीच्या वेळी. घोकूनही ते खरंच होतं. एरवी ती नणंदेच्या विरोधात सहज उभी राहिली असती. दोघींचं खळीवरून चाळीस वर्षं पटलं नव्हतं. ताईला कॉलर पुठ्ठ्यासारखी लागे आणि गुंडीला वाटे, माणसाला मान वळवता आली पाहिजे. पण त्या दिवशी धुरात उभी राहिलेली ताई तिने पाहिली होती. करपलेली चादर दोन्ही हातांत धरून ती सारखी म्हणत होती, "वाजलाच नाही गं. वाजलाच नाही." अन् बझर वाजतच होता.

"वन्सं, एकदा तपासून तर घेऊ," गुंडी म्हणाली. "तपासणारी लेक आपलीच आहे. ती काय कान कापणार आहे?"

"मला तपासायचं असेल तर माझं गाणं लावा," ताई म्हणाली. "त्यातला एक ठोका जरी चुकला, तर ही किल्ली मी आपण होऊन देईन. आणि नाही चुकला, तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही."

तिने दोरी गळ्यातून काढली आणि किल्ली टेबलाच्या मधोमध ठेवली.

बाळला हायसं वाटलं नाही. कारण गाण्याच्या बाबतीत ताई कधी चुकत नाही, हे त्याला वयाच्या अठराव्या वर्षापासून माहीत होतं.

ते गाणं घरात आलं तेव्हा त्यांचे वडील हयात होते आणि ड्रायर यायचा होता. रस्त्याच्या टोकाला कॅसेटचं दुकान होतं. तिथल्या एका खणावर 'न्यू वेव्ह' अशी चिठ्ठी लावलेली असे. त्या खणातून ताईने पहिल्या पगारात ती कॅसेट आणली. परक्या भाषेतलं गाणं. ढोल यंत्राचा, बाकीचे सूरही यंत्राचे, आणि गाणारी मुलगी बस सुटायची वेळ सांगावी तशी कोरडी गाते. गाण्यातली बाई लिफ्टने वर चाललेली असते. एक एक मजला मोजते. प्रत्येक मजल्यावर बारीकशी घंटी वाजते. सातव्यावर लिफ्ट थांबते, आणि ती म्हणते, मी कशाला आले होते ते विसरले. मग चार ठोके नुसते यंत्राचे, सातवी घंटी, संपलं. चार मिनिटं दहा सेकंद.

वडील म्हणाले होते, "हे गाणं आहे की डबे पडतायत?" पण आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं, की खळीच्या पाण्यात कपड्यांना बरोबर तेवढाच वेळ लागतो. दुकानातलं घड्याळ तेव्हा रोज मागे पडायचं. मग कपडे बुडवले की ताई गाणं लावायची आणि सातव्या घंटीला बाहेर काढायची. वडील शेवटपर्यंत गिऱ्हाइकांना सांगत, "एका गाण्यात होऊन जाईल." पुढे कॅसेट झिजली, दुसरी आली, मग तबकड्या आल्या, मग फोन आले. खळीही डब्यातली फवाऱ्याची आली. गाणं राहिलं. रोज एकदा तरी लागायचंच. ताई इस्त्री थांबवून बोट वर करायची: एक, दोन, तीन… घंटीबरोबर, केसाचाही फरक नाही. घरच्यांनी तिच्या कानांची हीच परीक्षा मानली होती. हाक ऐकू आली नाही तर म्हणत, ताई रागावली असेल. गाणं तर बरोबर ऐकते!

बाळची मुलगी जिना चढून आली तेव्हा तिच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग होती आणि हातात एक निळी डबी. कान तपासण्याच्या दवाखान्यात तिला आठ वर्षं झाली होती. घरात तिला कानवाली म्हणत, कौतुकाने आणि थोडं चिडवायलाही.

"काय ठरलं?" तिने विचारलं.

"गाण्यावर ठरलंय," तिची आई म्हणाली. "सात घंट्या. आत्याने सात वेळा बोट वर करायचं."

कानवालीने बॅग टेबलावर ठेवली. हे असंच होणार याचा तिला अंदाज होता. आत्याने दवाखान्यात यायला तीनदा नकार दिला होता. चौथ्यांदा विचारण्यात अर्थ नव्हता. म्हणून तिने आदल्या दिवशी कामावर बसून एक गोष्ट केली होती, आणि ती केल्यापासून तिला आपली थोडी लाज वाटत होती. याच गाण्यावर तिला आत्याने नाचायला शिकवलं होतं, धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगावर उभं करून.

"आत्या, भिंतीकडे तोंड करून बस. माझे हात दिसायला नकोत."

"बसते. लाव. आवाज जरा मोठा ठेव, तुमच्या त्या यंत्रांचा आवाज पुळचट असतो."

गाणं सुरू झालं. यंत्राचा ढोल खोलीत घुमला. ताईचा उजवा पाय हलायला लागला. कोरड्या आवाजातली मुलगी पहिला मजला म्हणाली.

ताईचं बोट वर गेलं.

गुंडीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मुलीकडे. घंटी वाजली नव्हती.

दुसरा मजला. घंटी नाही. बोट वर. तिसरा, चौथा. ढोल होता, सूर होते, गाणारी होती. घंट्या तेवढ्या कुणीतरी वेचून काढल्यासारख्या गाण्यातून गेल्या होत्या, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेली बाई त्या एकेक करून बोटाने जागच्या जागी ठेवत होती. पाच. सहा. मग ते वाक्य, मग चार ठोके. आपण चाळीस वर्षं हे गाणं ऐकतोय, आपल्याला नाही बाई इतकं नेमकं जमायचं, असं गुंडीच्या मनात आलं. चौथ्या ठोक्याच्या पाठोपाठ ताईचं बोट सातव्यांदा वर गेलं.

ती वळली. चेहऱ्यावर विजय होता.

"झालं? एक तरी चुकली?"

बाळने खुर्ची ओढली आणि तो खाली बसला.

"आत्या," कानवाली तिच्या समोर गुडघ्यांवर बसली आणि स्पष्ट, सावकाश बोलली. "एकही चुकली नाही. पण घंट्या वाजल्याच नाहीत. मी त्या काढून टाकल्या होत्या."

"कुठून?"

"गाण्यातून. काल."

ताईने एकेकाकडे पाहिलं. भावाकडे, भावजयीकडे. दोघांनी मान खाली घातली, तेव्हा तिला कळलं की हे खरं आहे.

"फसवलंस मला."

"हो. फसवलं."

"टॉवेलांवर नाचवलं तुला मी."

"म्हणूनच," कानवाली म्हणाली. "तुला बारीक, उंच आवाज ऐकूच येत नाहीत. घंटी, बझर, शिट्टी. किती वर्षांपासून ते मला नाही सांगता येणार. तू घंटी कानाने ऐकत नव्हतीस, आत्या. तुझ्या डोक्यात ती वाजत होती."

खाली ड्रायर घरघरत होता. तो जाड आवाज मात्र ताईला पायांतूनही कळत होता.

बाळच्या डोक्यात आता दुसरंच काही फिरू लागलं होतं. तो हळूच म्हणाला, "पण मग इतके दिवस बझर कोण ऐकत होतं? ड्रायर तर रोज सहा वेळा लागतो. त्याचा खटका आपोआप पडत नाही, हाताने ओढावा लागतो. याआधी एकही कपडा का जळला नाही?"

त्याने प्रश्न ताईला विचारला होता, पण मान वळली ती दाराकडे.

वायरमनने पोटावरचा हात काढला आणि पुन्हा ठेवला. माणूस मुळातच कमी बोलणारा. लग्नाच्या वेळी ताईची आई म्हणाली होती, जावई चांगला आहे, फक्त चालू करायचं बटण सापडत नाही.

"भावोजी?"

"मी दुकानात बसून असायचो," वायरमन म्हणाला. "निवृत्त झाल्यावर घरी काय करणार? बझर वाजला की हात करायचो."

"कसला हात?"

त्याने तळवा वर करून हवेत एक गोल फिरवला. ड्रायरसारखा. गुंडीने तो इशारा हजारदा पाहिला होता. तिला वाटायचं, नवराबायकोची काहीतरी थट्टा चालते.

"किती दिवस?"

"तीन वर्षं. साडेतीन."

"साडेतीन वर्षं!" बाळ उठला. "आणि आम्हाला सांगितलं नाहीत? भावोजी, तुम्ही दवाखान्यात गेलात आणि चौथ्या तासाला इथे धूर! तिला काही झालं असतं म्हणजे? एक दिवा जोडून द्यायचा बझरला, लाल. तुमच्या हातचं काम, दहा मिनिटांचं!"

"दिवा लावला असता तर हिला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"की ऐकू येत नाही."

गुंडीला नवऱ्याचा एकाएकी राग आला. स्वतः तो बायको शिंकली तरी पंखा बंद करत नसे.

"पुरे," ती म्हणाली. "त्यांच्यावर कशाला ओरडताय? आपण दोघंही रोज तिथेच होतो. आपल्या लक्षात आलं नाही, त्यांच्या आलं. मी तर म्हणायची, वन्सं ताठ्यात आहेत, हाकेला ओ देत नाहीत."

"मला वाटायचं तू हाकच मारत नाहीस," ताई म्हणाली. "म्हटलं, ही मोठी झाली, आता मला कशाला विचारील."

मग ताईने टेबलावरची किल्ली उचलली. बाळने हात पुढे केला. ताईने त्या हाताकडे लक्ष दिलं नाही. दोरी गुंडाळून तिने किल्ली गुंडीच्या तळहातावर ठेवली.

"शब्द दिला होता. पण याला देणार नाही. हा बॉयलर उघडायचा आणि तिथेच फोनवर बोलत उभा राहायचा."

"वन्सं, मी उघडीन. पण कामाला तुम्ही यायचं. मला एकटीला इस्त्री झेपायची नाही."

"आणि खळ?"

"खळ तुमच्या मनासारखी."

"खोटं बोलतेस."

"निम्मी तुमच्या मनासारखी."

बाळ म्हणाला, "अगं, पण ठरलं होतं काय…"

"ठरलं होतं किल्लीचं," गुंडी म्हणाली. "किल्ली दिली त्यांनी. आता बसा."

बाळ बसला. घरातला आपला पक्ष कधी पलटला, हे त्याला नेहमीप्रमाणे उशिरा कळलं.

कानवालीने निळी डबी उघडली. आत चणाडाळीपेक्षा थोडी मोठी, करड्या रंगाची, कानात घालायची दोन यंत्रं होती. "ही दवाखान्यातली आहेत, दाखवण्यापुरती. नीट तपासणी करून तुझी वेगळी बनवू. पण आज एकदा घालून बघ."

"म्हातारी दिसेन."

"अडुसष्टची आहेस."

"हो, पण दिसत नाही ना!"

तिने ती घातली. पहिल्याच क्षणी तिने खांदे आकसले. "कोण ते कागद चुरगाळतंय?"

"तुझी साडी," कानवाली म्हणाली. "हललीस की वाजते."

यावेळी गाणं पूर्ण लावलं, घंट्यांसकट. ढोल सुरू झाला आणि ताईने चेहरा असा केला, जणू जिभेवर काहीतरी कडू ठेवलंय. ढोल पत्र्यावर खडे पडावेत तसा वाजत होता. गाणारी मुलगी डब्यात बसून गात होती. ताईने यंत्रं उपटून हातात घेतली.

"हे माझं गाणं नाही. नको मला. याच्यापेक्षा माझं डोक्यातलं बरं होतं."

"बोलण्यासाठी जुळवलेली आहेत गं, गाण्यासाठी नाही. थांब जरा." कानवालीने फोनवर काहीतरी खालीवर केलं. "आता घाल. जिथे बोचेल तिथे सांग. हे गाणं तुझ्याइतकं कुणाला पाठ नाही. माझ्या यंत्रापेक्षा तू बरोबर सांगशील."

ही गोष्ट ताईला पटली. काम म्हटलं की तिला पटायचं. तिने यंत्रं पुन्हा घातली आणि इस्त्रीची धग तपासावी तशी मान तिरकी केली. "ढोल पोकळ आहे… हां, आता भरला. मुलगी नाकात गातेय. अजून. अजून थोडं खाली. बस, बस, तिथेच ठेव."

पहिला मजला.

टिंग.

ताईने बोट वर केलं नाही. ती विसरली.

घंटी तिच्या आठवणीतल्यापेक्षा लहान होती. आठवणीत ती दारावरच्या घंटीएवढी झाली होती, गोल आणि भरीव. ही तर काचेच्या पेल्याला चमचा लागावा एवढीच होती, आणि थोडी चिरकलेली. दुसऱ्या मजल्यावरही तशीच. ताईला आठवलं, कॅसेट आणली त्या दिवशीही ती अशीच होती. ताई तेव्हा तेवीस वर्षांची होती. घंटी चिरकलेली होती, म्हणून तर आवडली होती.

चौथ्या मजल्यावर तिला आणखी काहीतरी ऐकू आलं. दाराकडून. अगदी खालच्या आवाजात कुणीतरी गाणाऱ्या मुलीबरोबर मजले मोजत होतं. तिने मान वळवली.

"तुम्हाला येतं हे?"

वायरमनचे ओठ थांबले. "काय?"

"गाणं. तुम्हाला आवडत नाही ना? पहिल्या दिवशी तारा दुरुस्त करायला आलात तेव्हा म्हणालात, ही बाई सातव्यावर पोचायच्या आत मी काम उरकतो आणि जातो."

"अजूनही नाही आवडत," वायरमन म्हणाला. "चाळीस वर्षं ऐकतोय. भिंतीलाही आलं असतं."

"रोज म्हणता?"

"रोजच लावतेस की."

सहा. मग ते वाक्य, मग चार ठोके. बाळनेही टेबलावर बोटाने ठेका धरला होता, चुकीचा. सातवी घंटी वाजली, आणि तिच्या मागोमाग, गाणं संपता संपता, गाणाऱ्या मुलीने घेतलेला एक श्वास ऐकू आला. पुढे गायचं असल्यासारखा. पुढे काहीच नव्हतं.

"हा श्वास मी विसरलेच होते," ताई म्हणाली. "सगळं ठेवलं मी, आणि हा सांडला."

कानवाली लॅपटॉप मिटत होती तेवढ्यात खाली बझर वाजला. बारीक, कर्कश, जिन्यातून सरळ वर येणारा. वायरमनचा तळवा सवयीने वर गेला आणि हवेत गोल फिरू लागला.

ताई खुर्चीतून आधीच उठली होती.

"ऐकलं मी," जिन्याकडे जाताना ती त्याला म्हणाली. "बसा तुम्ही. टाके ओढतील."